टँकर दक्षिणेकडून येणार होता

पहिल्याच दिवशी मी चुकीचं दार ढकललं. आत भिंतभर नकाशा, आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा असलेला एक उंच मुलगा!

"बघू नका... मी शत्रू आहे!"

"दिसता तर सज्जन," मी म्हणाले, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरवरचा हवाई युद्धाचा खेळ बनत होता. कोणती विमानं कधी उडवायची, आधी कुठे मारा करायचा, इंधन कुठे भरायचं, हे हवाई दलाचे तरुण अधिकारी त्यावर शिकणार होते. चाचणीत आपल्या बाजूची मोहीम मी आखायची, शत्रूची त्या उंच मुलाने, रत्नदीपने. खोल्या वेगळ्या. चहाला एकत्र बसलो तरी डावाबद्दल ब्र काढायचा नाही, हा आमच्या पंचांचा, त्र्यंबक सरांचा नियम.

महिनाभर त्याने मला धूळ चारली. पण काय खेळायचा! मी कुठे घाई करणार, हे माझ्याआधी त्याला कळायचं. कळव्याला घरी भाऊ मला कॅरममध्येसुद्धा सूट देतात. याने कधीच दिली नाही. हरूनही मी त्याच्याकडे बघत बसायचे... आणि तो बघायला लागला की घाईघाईने चहा फुंकायचे.

शेवटच्या चाचणीला हवाई दलाचे प्रशिक्षक येणार होते. जिंकले, तर खेळ शिकवायला मी बंगळूरला जाणार. हरले, तर इथेच. मला जायचं होतं, अगदी मनापासून. आणि मानपाड्याहून येणाऱ्या या मुलाला सोडवतही नव्हतं.

त्या सकाळी टपरीवर मी इतकी खुशीत होते की बोलून गेले, "आज माझा टँकर बघच, दक्षिणेकडून..."

जीभ चावली. टँकर म्हणजे हवेतच इंधन पुरवणारं विमान. ते पाडलं, की माझी सगळी विमानं अर्ध्या वाटेवरून माघारी! रत्नदीपने कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता.

थोड्याच वेळात त्र्यंबक सर माझ्या दारात. "रत्नदीपने सांगितलं मला. डाव बदल."

चुगलखोर कुठला! रागारागाने मी टँकर उत्तरेला सरकवू लागले, आणि हात थांबला. तो गप्प राहिला असता तर टँकर पाडून जिंकला असता. आणि मी ठाण्यातच राहिले असते, त्याच्याजवळ. हे त्याला कळलं नसेल? माझे डोळेच भरून आले.

मग तो जीव तोडून लढला. मी पुढे सोडलेल्या खोट्या तुकडीमागे त्याची विमानं धावली, आणि माझी लक्ष्यावर पोचली. मी जिंकले!

जिन्यात त्याला गाठलं.

"गप्प का नाही बसलास?"

"बसावंसं वाटलेलं ना..." तो खाली बघत म्हणाला. "अख्खा चहा संपेपर्यंत तोच विचार. पण मग रोज तू समोर, आणि मला तोंड लपवायला लागलं असतं. जा तू. पोचलीस की फोन कर."

"फोनबिन काही नाही. रविवारी घरी ये. लग्न करेन तर तुझ्याशीच, हे जायच्या आधी आई-बाबांना सांगणार आहे मी."

तो पायरीवर मटकन बसला. "अगं... मला विचार तरी!"

"विचारतेय ना. येशील?"

"येईन," तो म्हणाला. मी त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले.