आठशेवरची सुई

आमच्या फियाटला आरपीएम मीटर नव्हता, आणि तो नसल्यामुळे कुणाचं काहीही अडलं नव्हतं. बासष्ट सालची गाडी. सासऱ्यांनी लेकरासारखी जपलेली, आणि माझी सांगलीहून चंडीगडला बदली झाली तेव्हा हौसेने माझ्या गळ्यात घातलेली. डॅशबोर्डवर एक लांबट स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा, बस्स. पण मोजमाप हा माझा धंदा. प्रयोगशाळेत दिवसभर जगाचे मीटर तपासायचे आणि आपल्या इंजिनाचे फेरे मात्र कानाने अंदाजायचे, हे मला सोसेना. नीला म्हणायची, "तुम्हाला ना, सरळ चाललेलं बघवतच नाही!"

नीला माझी बायको. शहरातल्या मोठ्या इस्पितळात रक्तपेढीत होती. साल नव्वद. तेव्हा पंजाबातल्या रक्तपेढीला उसंत का नव्हती, हे त्या काळी तिथे राहिलेल्याला सांगायला नको. संचारबंदी असली तरी तिला जावं लागे. गाडीच्या काचेवर इस्पितळाचा पास चिकटवलेला होता, म्हणून तिची नेआण मी गाडीने करत असे. एरवी घर, कुलूप आणि बातम्या.

मीटर मिळाला मनीमाजऱ्याच्या भंगार बाजारात, रघुवीरकडे. काळी तबकडी, क्रोमची कडी, बारीक पांढरी सुई. थेट आमच्या गाडीच्या काळातला. मी हरखूनच गेलो. विचारलं, "किस गाडी का है?"

"गाडी तो आई नहीं, जी," तो म्हणाला. "बस यही आया."

कागदात गुंडाळून देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. हवी ती वस्तू हातात आली होती.

प्रयोगशाळेत तपासून घेतला. पन्नास फेऱ्यांच्या आत चूक. मग संचारबंदीचा एक अख्खा दिवस पोर्चमध्ये गाडीत आडवा पडून काढला. पत्र्याची पट्टी कापून डॅशबोर्डखाली बसवली, मागच्या दिव्याला स्पीडोमीटरसारखाच मंद हिरवा रंग दिला, तीन वायरी जोडल्या: एक करंटची, एक अर्थची, एक इग्निशन कॉइलची. संध्याकाळी नीलाने वाकून पाहिलं. "अगंबाई, हा तर गाडीबरोबरच जन्मलाय!" मी तिला इंजिन चालू करून दाखवलं. सुई आठशेवर स्थिर. बंद करण्याआधी मी नेहमीसारखा तीनदा ॲक्सिलरेटर दाबला, सुई तीनदा उसळली आणि शून्यावर बसली. ही तीन झटक्यांची खोड वडिलांची. तिचा इंजिनाला काडीचा उपयोग नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण सुटत नाही. गाडीखाली फरशीवर तेलाचा थेंब पडला होता. तेही माझंच कर्तृत्व. मागचं सील मी स्वतः बदललं होतं, तेव्हापासून गाडी उभी राहिली की एक थेंब पडायचाच. नीला त्याला "तुमची रांगोळी" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच घरी होतो. गाडी पुसत होतो. किल्ली खिशात होती. चार वीसला सुई आठशेवर आली.

मी हसलो. कुठेतरी वायर टेकली असेल. बॅटरी सोडवली, तरी सुई आठशेवर. मग ती वर चढली, खाली आली, पुन्हा चढली. पहिला गियर, दुसरा, तिसरा, चौथा. हातात चिंधी धरून मी तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशीही चार वीस. त्यानंतरही. मग मी घड्याळ आणि वही घेऊन बसू लागलो, कारण घाबरण्यापेक्षा ते बरं वाटत होतं. आमच्या गाडीत चौथ्या गियरला दोन हजार फेरे म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर. चंडीगडचे सेक्टर आखीव, आठशे मीटर बाय बाराशे. प्रत्येक कोपऱ्यावर गोल चौक, तिथे गाडी हळू करावीच लागते. सुई मिनिटाने पडली तर सेक्टरची आखूड बाजू, दीड मिनिटाने पडली तर लांब. नकाशा पसरला, पेन्सिल घेतली. तेहतीस सेक्टरातल्या आमच्या पोर्चपासून सात चौक. इस्पितळ.

तिथे सुई तीनदा उसळली आणि शून्यावर गेली.

मी पेन्सिल खाली ठेवली. ते तीन झटके माझे होते. ही गाडी मी चालवत होतो.

वही तिथे संपत नव्हती. पन्नास मिनिटांनी सुई पुन्हा उठायची. पण घराकडे नाही. उलट्या बाजूला दोन चौक, आणि मग चौकच नाहीत. सेक्टर संपले, शहर संपलं. दोनच चौकांत शहर संपतं ते मुल्लांपूर गावाच्या बाजूला; तिकडे सरळ पाच किलोमीटर. मग आठशे. आणि आठशेच. ना झटके, ना शून्य. रात्री पाहावं तरी आठशे, पहाटे पाहावं तरी आठशे. दुसऱ्या दिवशी चार वीसला सुई क्षणभर शून्यावर पडायची आणि पुन्हा पोर्चपासून सुरुवात.

त्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी रात्रभर उभी राहते. याचा अर्थ ते बंद करणारा माणूस उरत नाही. त्या दिवसांत असा अर्थ लावायला फार अक्कल लागत नव्हती.

नीलाला मी सांगितलं नाही. लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेवर तोंडसुख घेतलेला माणूस मी, काय सांगणार होतो? मीटर उपटून काढला आणि घरात आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. तीन वायरी मोकळ्या लोंबत होत्या. चार वीसला सुई टेबलावरच आठशेवर आली. तेव्हा मी एकच ठरवलं. चार वीसला गाडीच्या स्टिअरिंगवर मी नसेन. मीच नसलो, तर मरेल कोण?

शुक्रवारी नीलाची सुट्टी होती. चारला फोन वाजला. कुठेतरी स्फोट झाला होता, रक्त कमी पडत होतं, सगळ्यांना बोलावलं होतं. तिने फोन ठेवला आणि केस बांधायला घेतले. "अहो, चला ना लवकर. पाचपासून संचारबंदी आहे."

"मला बरं नाही," मी म्हणालो. "ताप आहे."

तिने कपाळाला हात लावला. हात थोडा वेळ तसाच ठेवला. ताप नव्हता. तिला ते कळलं आणि तिला कळलं हे मलाही कळलं.

"पडून राहा मग," ती म्हणाली. "मी जाते."

मी अडवलं नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ती चालवतेय, मी नाही. वहीतली गाडी ही नव्हे. तिने खुंटीवरची किल्ली घेतली, चपला घातल्या. जाताना दारातून म्हणाली, "मुगाची खिचडी टाकलीय, वाफ आली की उतरवा."

बाहेर इंजिन चालू झालं. टेबलावर सुई आठशेवर आली. चार वीस.

बाहेर पहिला गियर पडल्याचा आवाज आला आणि सुई चढली. बाहेर दुसरा, आणि सुई. मी धावलो तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती. हाका मारल्या. काचा वर होत्या.

सुई चालत राहिली. एक चौक. दोन. सातवा. आणि मग तीनदा उसळली.

नीलाला गाडी मी शिकवली होती. तळ्याच्या रस्त्यावर, महिनाभर, रोज भांडत. माझी प्रत्येक खोड तिने तशीच्या तशी उचलली होती. आणि हे मला आठवलं नव्हतं. सगळं मोजलं, आणि हेच तेवढं राहिलं.

पन्नास मिनिटं होती माझ्याकडे. इस्पितळाचा फोन एंगेज. पुन्हा एंगेज. एकदा लागला, कोणीतरी "मॅडम अंदर हैं, होल्ड कीजिए" म्हणालं आणि लाइन गेली. चालत निघालो. पाच वाजले होते. पहिल्याच चौकात जवानाने परत पाठवलं. पास काचेवर होता, आणि काच तिच्याकडे. मागच्या गल्लीने गेलो, तिथेही बंदूक आडवी झाली. "घर जाइए अंकलजी, आज नहीं." मी बेचाळीस वर्षांचा होतो.

घरी आलो. खिचडी करपली होती.

सुई उठली. दोन चौक. मग चौक नाहीत.

मी तबकडीवर दोन्ही हात ठेवले. काय करणार होतो, माहीत नाही.

आठशे.

नंतर कळलं ते एवढंच. काम लवकर आटोपलं म्हणून ती घरी निघाली होती, पण घराकडचा रस्ता बंद केला होता आणि पोलीस गाड्या वळवत होते. पांढऱ्या फियाटला हात दाखवल्याचं एका शिपायाला आठवत होतं. बाई एकट्या होत्या, गाडीने वळण घेतलं, पुढे गेली. ना गाडी सापडली, ना नीला. रघुवीरकडे गेलो तर दुकानाला कुलूप होतं. शेजारच्याने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी चार वीसला मी टेबलाशी बसलो. सुई हलली नाही. आठशेवरच होती. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून ती आठशेवर आहे.

निवृत्त होऊन किती वर्षं झाली. धाकटा भाऊ शशिकांत सांगलीहून दर दिवाळीला फोन करतो. "दादा, आता तरी ये. काय ठेवलंय तिथे?" मी काहीबाही सांगतो. इंजिन चालू आहे, बंद झालेलं नाही, तोवर मी हलू कसा? भाड्याचं घर सोडलं नाही, पोर्चमध्ये दुसरी गाडी आणली नाही. फाटकाला कुलूप कधीच लावत नाही. चार दिवससुद्धा कुठे जात नाही. लोक मला चक्रम म्हणतात, म्हणोत बापडे.

परवा सकाळी चहा गाळत होतो. टेबलाकडे सहज पाहिलं.

पहिला गियर.

दुसरा. तिसरा. चौथा. पाच किलोमीटर सरळ. मग पहिला चौक.

गाळणी हातातच होती. मी मोजत होतो. आता त्या चौकांत सिग्नल बसलेत, सकाळी तिथे गाड्यांची रांग लागते. सुई कुठेच थांबली नाही. जुन्या, मोकळ्या रस्त्यावरून यावी तशी येत होती. पाच. सहा. आठ.

नववा चौक. आमचा.

तिसरा गियर, दुसरा, पहिला.

बाहेर कसलाही आवाज नव्हता. सुई तीनदा उसळली आणि तेहतीस वर्षांनी शून्यावर बसली.

मी दार उघडलं. पोर्च रिकामा होता. फाटक उघडं होतं, पण ते उघडंच असतं.

फरशीवर तेलाचा एक थेंब होता. मी वाकून बोट लावलं.

कोमट होता.