सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. सगळं लख्ख उजेडात घडलं.

बर्फाळ बेटांची सफर घडवणाऱ्या एका जहाजावर मी तेव्हा कामाला होतो. शिडीच्या तोंडाशी माझी ड्यूटी. बेटावर उतरताना प्रत्येक प्रवासी फळ्यावरचा आपला बिल्ला उलटा करायचा, परतला की सुलटा. सगळे सुलटे झाले की मी कॅप्टनना कळवायचं. मगच जहाज निघायचं.

त्या दुपारी अचानक धुकं उतरलं. शेवटची होडी रिकामी झाली.

सत्तेचाळीस नंबर उलटाच...

तो मास्तरांचा. निवृत्त शिक्षक, एकटेच आलेले. आदल्या दिवशीही बिल्ला फिरवायला विसरले होते. "उद्यापासून माझी हजेरी तूच लाव रे बाबा," म्हणून हसले होते.

वरून कॅप्टन ओरडले, "झालं का? बर्फ सरकतोय!"

मी मास्तरांच्या केबिनमध्ये फोन लावला.

एक रिंग... दुसरी...

उचलला.

"मास्तर, आलात ना?"

पलीकडे नुसता वारा. मग दमलेला आवाज... "येतोय रे... थांब जरा."

मला वाटलं, बिल्ला फिरवायला खाली येताहेत. म्हटलं, कशाला त्यांना हेलपाटा? मीच फिरवला.

जहाज निघालं.

जेवणाला त्यांची खुर्ची रिकामी. केबिनला बाहेरून कुलूप. आत अंथरुणावर एक सुरकुती नाही.

आणि त्या केबिनची खिडकी उघडतच नाही. मग वारा कुठला?

जहाज वळवून बेटावर परत पोचायला पाच तास लागले. खडकाच्या आडोशाला मास्तर बसले होते. पाय मोडलेला. अंग थंडगार.

डॉक्टर हळूच म्हणाले, "आपण निघालो तेव्हा जिवंत असणार."

कॅप्टननी मला विचारलं, "मग बिल्ला सुलटा कसा?"

"उतरताना उलटा करायलाच विसरले असणार."

किती पटकन बोलून गेलो मी! फोनचं तर कोणाला सांगितलंच नाही.

बंदरावर त्यांची मुलगी आली होती. माझा हात धरून म्हणाली, "बाबा पहिल्यापासून विसरभोळेच हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दादा." स्वतःचा नंबरही दिला.

चार वर्षं झाली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून कितीदा तो नंबर काढतो...

लावत नाही.

पलीकडून कोण उचलेल, याची भीती वाटते.