टण् वाजलंच नाही!

"उघड ना लवकर! माष आत्ता संगणक बंद करतील!" शहाबास सेतूच्या खुर्चीमागे नुसता नाचत होता.

"उघडतेच आहे! पण हे बघ तरी!"

सेतूनं पुन्हा माउस दाबला. पडद्यावर 'गोपनची पुस्तकं' असं लिहिलेलं पिवळं फोल्डर होतं, पण त्याच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण चिकटला होता. हा बाण काल नव्हता! दाबलं की फोल्डर उघडायचं सोडून एक चौकट पुढे येई, 'वस्तू सापडत नाही', आणि पुढे काही नाही.

"काय झालं? दोघं एकदम गप्प का झालात?" बाकावर बसलेल्या गोपननं विचारलं. गोपनला जन्मापासून दिसत नाही, पण कुणाच्या गप्प बसण्यात काय दडलंय ते त्याला बरोबर ऐकू येतं.

सेतूनं पुन्हा एकदा माउस दाबून पाहिला. त्या फोल्डरमध्ये वर्षभराची मेहनत होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची पुस्तकं गोपनला ऐकता यावीत म्हणून ती आणि शहाबास रोज शाळा सुटली की वाचनालयात यायची आणि एकेक धडा वाचून त्याचा आवाज साठवून ठेवायची. आईच्या फोनमधले मूळ आवाज जागा नाही म्हणून सेतूनंच पुसून टाकले होते. परीक्षा सुट्टी संपल्या संपल्या! गोपनच्या पेनड्राइव्हमध्ये आणखी एक प्रत होती खरी, पण मघाशी तोही लावून पाहिला, तर तिथेही तोच मेला वाकडा बाण!

"माषे!" ती ओरडली. "गोपनची पुस्तकं उघडत नाहीत!"

कुमारन माष, म्हणजे कुमारन सर, हे निवृत्त शिक्षक आणि वाचनालयाचे सेक्रेटरी. हातात पितळी ताट घेऊन ते लगबगीनं आले. आज दुर्गाष्टमीची संध्याकाळ. नीळा नदीकाठच्या त्या गावात आज सगळ्यांची पुस्तकं, पेनं, हत्यारं देवीपुढे पूजेला बसायची होती. एकदा बसली की विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. अभ्यास केला तर ओरडा बसतो अशी ही एकच सुट्टी!

"गेलं असेल, मोळे. व्हायरस, पोरी!" माष चष्म्यावरून बघत म्हणाले. "हा संगणक ओणमपासून कुरकुरतोय. रोज चालू केला की पडद्यावर काहीतरी लिहून येतं. मी ओके दाबतो, जातं ते. आज मात्र काही म्हणजे काही आलं नाही! देवीची कृपा, दुसरं काय?"

"काय लिहून येतं, माषे?"

"कोण वाचत बसतंय! परवा तालुक्याहून बिजेष येतोय. पूजा उठली की फॉरमॅट मारून देईल. सगळं लख्ख!"

"म्हणजे आतलं सगळं पुसून जाणार?" शहाबासचा आवाज चिरकला.

"व्हायरस शिरल्यावर आत राहिलंय काय? चला, व्हा बाजूला, मुहूर्त टळेल."

माषनी संगणक बंद केला, पडद्याला चंदनाचं बोट लावलं आणि कीबोर्डवर जास्वंदीचं फूल ठेवलं. ताटात सभासदांचे पेनड्राइव्ह ओळीनं मांडलेले होते. यंदा माषना नवीन कल्पना सुचली होती. नुसते रिकामे पेनड्राइव्ह देवीपुढे काय ठेवायचे? म्हणून माइकवाल्या सुगतनच्या पेनड्राइव्हमधलं सरस्वतीचं स्तोत्र त्यांनी आजच संध्याकाळी प्रत्येकात भरून दिलं होतं. प्रसाद म्हणून! गोपनचा पेनड्राइव्हही त्याच ताटात गेला आणि दाराला कडी लागली.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, तिघं मंदिराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसली होती. एरवी या दिवशी केवढी मजा असे! बसची पाटी जरी दिसली तरी डोळे मिटून घ्यायचे, कारण वाचलं तर पाप! आज सेतूला कशाचंच हसू येत नव्हतं. रात्रभर तिला झोप नव्हती.

"मी गणिताचं पुस्तक सगळ्यात आधी पूजेला ठेवलं," शहाबास उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "माझी उम्मा म्हणाली, तुझ्या गणिताला मिळेल तिथली मदत घे!"

"मी पुन्हा वाचून देईन तुला," सेतू गोपनला म्हणाली. "दिवसरात्र वाचेन."

"एडी, अगं वर्षभराचं चार दिवसांत होतं का?" गोपन हलकेच म्हणाला. मग थोडा वेळ तो पायानं पाणी हलवत राहिला. "राहू दे. पुढच्या वर्षी देईन परीक्षा."

हे ऐकून सेतूला रडूच फुटलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं!

"ए, रडतेस काय! मला एक सांग," गोपन एकदम ताठ बसला. "तो संगणक सुरू करताना रोज टण् असा आवाज येतो की नाही?"

"येतो की. माष ओके दाबतात ती चौकट येते तेव्हा."

"काल संध्याकाळी टण् वाजलंच नाही! मी दारातच होतो. माष सुगतन चेट्टाला म्हणाले, तुझा पेनड्राइव्ह आधीच खोचून ठेव, मग चालू करतो. आणि काही वाजलं नाही. त्याच दिवशी आपली पुस्तकं गेली. आहे की नाही गंमत?"

सेतूनं डोळे पुसले. शाळेच्या संगणक क्लबमध्ये ती सगळ्यांत पुढे होती. तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली.

"थांबा! म्हणजे संगणक रोज उठला की काहीतरी शोधतो. सापडलं नाही की तक्रार करतो, टण्! आणि काल त्याला ते सापडलं!"

"कुठे सापडलं?"

"सुगतन चेट्टाच्या पेनड्राइव्हमध्ये! ओणमची गाणी लावायला चेट्टांनी तोच वाचनालयात लावला होता ना? तेव्हा काहीतरी संगणकात शिरून सांगून गेलं, की रोज उठल्यावर मला हाक मार!"

"अय्यो!" शहाबास उडालाच. "म्हणजे टण् वाजतं ते बरं, आणि वाजत नाही ते वाईट?"

"पण खात्री कशी करायची? गावातले सगळे संगणक तर पूजेला बसलेत!" सेतू म्हणाली.

तेवढ्यात वडाला बांधलेला कर्णा खरखरला आणि देवीचं गाणं सुरू झालं. तिघंही एकदम उठली. गाव कितीही पूजेला बसलं तरी माइकला सुट्टी नसते! सुगतनचा लॅपटॉप चालू होता.

सुगतन चेट्टन, म्हणजे सुगतनदादा, माइकच्या मांडवात पळमपोरी, केळ्याची भजी, खात बसला होता. गावात कुणाचंही लग्न, उत्सव, निवडणूक असो, त्याचा तो एकच पेनड्राइव्ह सगळीकडे फिरायचा. दिसेल त्या संगणकात तो खोचायचा, गाणी भरून घ्यायचा आणि खिशात टाकायचा.

"काय रे पोरांनो? तारांना हात लावायचा नाही!"

"नाही हो, चेट्टा. आमची पैज लागलीय," शहाबास भाबडा चेहरा करून म्हणाला. "मी म्हणतो, तुमचा लॅपटॉप पेनड्राइव्हशिवाय सुरूच होत नाही. म्हातारा झालाय!"

"कोण म्हातारा?" सुगतन भडकला. "हे गाणं संपू दे, दाखवतोच तुला!"

गाणं संपलं. त्यानं पेनड्राइव्ह उपटून काढला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. आणि...

टण्!

गोपननं सेतूचा हात घट्ट धरला. "तोच! अगदी तोच आवाज!"

पडद्यावर चौकट आली. सुगतनचं बोट ओकेकडे गेलंच होतं.

"थांबा, चेट्टा! वाचू दे!" सेतू ओरडली.

"आज नवमी आहे! वाचायचं नसतं!"

"मग मी अर्धंच वाचते!" तिनं एक डोळा मिटला. चौकटीत लिहिलं होतं की अमुक फाइल पेनड्राइव्हमध्ये सापडत नाही. फाइलचं नाव म्हणजे नुसता अक्षरांचा कचरा होता. पुढे तीन क्यू आणि मग काय वाट्टेल ते. असलं नाव कुणी शहाणा माणूस ठेवील का?

शहाबासनं सुगतनला कर्ण्याच्या खरखरीबद्दल विचारायला सुरुवात केली. विषय इतका आवडीचा, की चेट्टा थेट वडापाशी जाऊन तारा दाखवायला लागला! सेतूनं लॅपटॉप पुढे ओढला. सुगतनच्या सगळ्या फोल्डरांवर तसलेच वाकडे बाण होते. लपवलेल्या वस्तू दाखवायची खूण तिनं शोधली, चालू केली... काहीच नाही. मग क्लबमध्ये शिकवलेली दुसरी खूण आठवली. संगणकाच्या स्वतःच्या फाइलीही दाखव! तिनं तीही चालू केली.

आणि बाणवाल्या फोल्डरांच्या शेजारी हळूच दुसरी फोल्डरं उमटली! फिकट, पुसट, पण बाणाशिवाय. तिनं एक उघडलं. आत सगळी गाणी जागच्या जागी!

"गोपन," ती त्याच्याकडे झुकून म्हणाली, "पुसलेली नाहीत रे! लपवलीयत फक्त! बाण आहे ते सोंग आहे. खरी फोल्डरं त्याच्या मागे आहेत!"

"मग माझीही असतील?"

"असणारच! पण उद्या बिजेषनं फॉरमॅट केलं तर ती खरोखरच जातील. आणि ताटातले पेनड्राइव्ह! स्तोत्राबरोबर माषनी प्रत्येकात हेच भरलंय. उद्या सगळे ते घरी नेऊन लावणार!"

तिघं धापा टाकत माषच्या घरी पोचली. माष झोपाळ्यावर होते. "माषे, संगणक..." एवढंच म्हणायचा अवकाश, त्यांनी कानांवर हात ठेवले.

"शिव शिव! नवमीला संगणकाचं नाव काढता? विद्येचं काम आहे ते! उद्या पूजा उठल्यावर काय ते बोला."

"पण उद्या बिजेष चेट्टा आधी येतील!"

"मोळे, उद्या म्हणजे उद्या!"

पुढे बोलायची सोय नव्हती. तिघं आल्या वाटेनं परत फिरली.

विजयादशमीची सकाळ उजाडली. वाचनालयाच्या अंगणात समया लागल्या होत्या. आईबापांच्या मांडीवर चिल्लीपिल्ली बसली होती. माष एकेकाचं बोट धरून ताटातल्या तांदळात पहिली अक्षरं गिरवून घेत होते, आणि निम्मी पोरं गळा काढून रडत होती.

सेतूनं घाईघाईनं तांदळात 'हरिश्री' लिहिलं, कपाळाला हात लावला आणि वळली. तर काय! पाठीला बॅग लावलेला बिजेष थेट संगणकाच्या खोलीकडे निघाला होता!

"चेट्टा, थांबा! आत आमचं..."

"ए, बाजूला हो. मला आणखी चार ठिकाणी जायचंय."

तिला काही सुचेना. पण शहाबासला सुचलं! तो भर अंगणात ओरडला, "माषे! बिजेष चेट्टा अक्षर न गिरवताच कामाला बसतायत!"

रडणारी पोरंसुद्धा थांबली.

"काय?" माष उभेच राहिले. "आज तांदळात लिहिल्याशिवाय कुणी हत्याराला हात लावत नाही! बिजेष, इकडे ये. रांगेत बस!"

"माषे, मी मोठा आहे हो!"

"मी मोठा नाही? मी पहाटेच लिहिलं! बस!"

बिजेष मुकाट्यानं एका दुपट्यातल्या बाळामागे मांडी घालून बसला. तिकडे गोपन पेनड्राइव्हच्या ताटावर दोन्ही हात पसरून बसला होता. "माष सांगेपर्यंत कुणालाही मिळणार नाही!" तो प्रत्येकाला बजावत होता.

सेतू खोलीत घुसली. जास्वंदीचं फूल बाजूला ठेवलं, बटण दाबलं. संगणक घुमायला लागला. टण् नाही वाजलं तर? आणखी कुठे लपून बसलं असेल तर?

टण्!

असल्या आवाजानं कुणाला आनंद झाला असेल का कधी? सेतूला झाला! म्हणजे शोधलेलं सापडलं नाही, ते जागं झालेलं नाही. तिनं कालच्या दोन्ही खुणा चालू केल्या. पडदा हलला, आणि बाणवाल्या सोंगाशेजारी पुसटसं एक फोल्डर उभं राहिलं. गोपनची पुस्तकं! तिनं पहिला धडा दाबला आणि आवाज होता तेवढा मोठा केला.

"धडा पहिला. नद्या आणि त्यांची खोरी," सेतूचाच आवाज अंगणात घुमला. लगेच शहाबासची शिंक आणि सेतूचा ओरडा ऐकू आला. "एडा, शिंकायचं असेल तर बाहेर जा!"

सगळे हसले. गोपन मात्र हसला नाही. ताटावरचे हात न काढता तो नुसता ऐकत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मग सेतूनं सगळं सांगितलं. बिजेष पडद्यासमोर वाकला, त्यानं बघितलं आणि मान हलवली. "बरोबर आहे पोरीचं. मी न बघताच पुसून टाकलं असतं. धंद्यात इतकी वर्षं काढून मला हे सुचलं नसतं, सांगतो!" त्यानं आणि सेतूनं मिळून संगणक उठताना हाका मारायची ती आज्ञा काढून टाकली. मग ताटातला एकेक पेनड्राइव्ह तपासून, साफ करून ज्याचा त्याला दिला. सुगतन चेट्टानं आपला पेनड्राइव्ह स्वतःच पुढे केला आणि मान खाली घालून म्हणाला, "माझा दोनदा साफ करा."

मग कुमारन माषही पुढे आले. ते सेतूशेजारी येऊन बसले.

"पस्तीस वर्षं पोरांना ओरडलो, वाचा रे वाचा! आणि हा बिचारा संगणक रोज माझ्यापुढे लिहून दाखवत होता. मी एकदाही वाचलं नाही." त्यांनी सेतूच्या डोक्यावर हात ठेवला, शहाबासला जवळ ओढलं, गोपनला हाक मारून बोलावलं. "तुम्ही तिघांनी आज आमची अब्रू राखली. आता, मोळे, मला शिकव. आज नवं शिकायला बसायचा दिवस आहे."

त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. सेतू क्षणभर घाबरली. माषचं बोट धरायचं? मग तिनं ते हळूच धरलं आणि पडद्यावर अजून तशीच ठेवलेल्या त्या चौकटीवर टेकवलं.

"आधी ओके नाही दाबायचं, माषे. आधी वाचायचं."

माष चष्मा सावरून एकेक शब्द पुटपुटायला लागले.

"माषे, मोठ्यानं!" मागून गोपन म्हणाला. "मागच्या बाकावर ऐकू येत नाही!"