ड्रॅगनला फाटा

“हा शेटे कोण हाय, त्याला एकदा हितं आणून बसवा. डोळं हाईत का बटणं, बघतो.”

शिवाजी पेठेतल्या केरबाअण्णांच्या गेम पार्लरमध्ये शिरताना प्रेरणाच्या कानांवर हेच पडलं… आणि ती दारातच थबकली. कारण शेटे तीच होती.

साल २००३. एका सांजदैनिकाच्या युवा पानावर ती व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. ड्रॅगनच्या पाठीवर बसून शत्रूची विमानं पाडायचा नवा गेम आला, पुण्या-मुंबईच्या मासिकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि या बाईनं मात्र पाचातले दोन तारे देऊन मथळा ठोकला, ‘या ड्रॅगनला फाटा द्या’. आत लिहिलं होतं, ‘मी खेळलो आणि कंटाळलो.’ अस्सल कोल्हापूरची पोरगी; इथल्या पोरीही ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात, बोलते तशीच लिहिणार. खाली नाव ‘प्रे. शेटे’. लोकांनी बाप्या समजलं तर त्यांचा काय दोष?

बोलणारा उंच, सावळा होता. हातात कंट्रोलर, केस विस्कटलेले.

“काय चुकलं शेट्यांचं?” तिनं विचारलं.

“या पावणं, बसा. ‘ड्रॅगन ठरल्या वाटेनंच उडतो, आपल्या मनानं वळत न्हाय,’ म्हणं. आवं, वाट ठरलेली असंल, पर चारी बाजूला बघायची मुभा हाय की. ह्यो बाबा नुसता समोर बघत बसला असणार.”

“बाबा न्हाय. मीच शेटे हाय.”

कंट्रोलर हातातून निसटता निसटता राहिला. “तुम्ही… शेटेसाहेब?” त्याचे कान लाल झाले, आणि मग तो असा खळखळून हसला की प्रेरणाला राग धरून ठेवणं जड गेलं.

त्याचं नाव बसवेश. गडमुडशिंगीचा, इंजिनिअरिंगला. कॉलेज सुटलं की गावची बस पकडण्याआधी इथं हजर. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली — परीक्षणाचा बचाव करायला, असं तिनं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी तेवढंही बजावायचं राहून गेलं. एकाच बाकावर बसून दोघं कडाकडा भांडायची, आणि कोपराला कोपर लागलं की पडद्याकडे जरा जास्तच लक्ष द्यायची.

शुक्रवारी मात्र ती गप्प होती.

“काय शेटेसाहेब, आज दोन तारं पण न्हाईत?”

“रविवारी निपाणीचं पावणं यायचं हाईत… मला बघायला. अप्पांनी सगळं ठरवत आणलंय.” तिचा आवाज बारीक झाला. “म्हणून मला ह्यो ड्रॅगन आवडत न्हाय. पाठीवर आपण, आणि वाट दुसऱ्याची.”

बसवेशचा ड्रॅगन धाडकन कड्यावर आपटला. मग त्यानं कंट्रोलर तिच्या हातात दिला. “परत खेळा. पुलाच्या आधी मागं वळून बघा. एकबी विमान सोडू नका.”

तिनं मागं बघितलं. एकेक टिपलं. शेवटचं विमान पडलं आणि… पुलाखालची दरी उघडली. ड्रॅगननं ठरलेली वाट सोडली आणि तो थेट खालच्या निळ्या धुक्यात झेपावला. प्रेरणाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“फाटा हाय…” ती पुटपुटली.

“हाय की. पर आपला आपण उघडावा लागतो.” तो पडद्याकडे बघतच नव्हता. “मला तुम्ही आवडतासा, शेटेसाहेब. आता किती तारं द्यायचं ते द्या.”

“मी जातो,” ती म्हणाली, आणि खरंच निघून गेली.

शनिवारच्या अंकात पुन्हा परीक्षण आलं. मथळा होता, ‘या ड्रॅगनला फाटा आहे’. तारे पाच. बसवेशनं पार्लरच्या दारात ते उभ्याउभ्याच वाचलं. तारे ड्रॅगनला मिळाले होते, त्याला नव्हे.

तेवढ्यात ती समोर. धाप लागलेली, गाल तापलेले.

“अप्पांशी भांडलो. निपाणीला फाटा दिला.”

“आणि… अप्पा?”

“आधी लई वराडलं. मग म्हणालं, तुझ्या अव्वानं पोह्याची तयारी करून ठेवलीय, आता खायला कोण येणार?”

“मग?” त्यानं कसंबसं विचारलं.

प्रेरणानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. पहिल्यांदाच तिला त्याच्याकडे सरळ बघवेना… तरी तिनं बघितलं.

“पहिल्या दिवशी मला पावणं कोण म्हणालतं? आता उद्या तुम्ही या की, पावणं.”