हात सोड आधी

‘नदीच्या पल्याड, बाई, दिवा कुणाचा लागला…’

सुट्टीत अकोल्याकडच्या गावी गेलं की शेवंतीआत्या जात्यावर हे गायची आणि शेवटची ओळ गिळून टाकायची. छोटी संघमित्रा हट्ट करायची, “पुढचं गा ना गं.” आत्या हसायची. “ती ज्याची त्यालाच ऐकवायची असते, बाळा.”

त्या ओळीच्या मागे लागूनच संघमित्रा लेखिका झाली असावी. आता ती मुलुंडहून वर्सोव्याला येई, खाडीतली बोट धरून मढच्या सेटवर जाई आणि मालिकेचे संवाद लिही. ओठांवर घोळल्याशिवाय संवाद कागदावर उतरत नसत, म्हणून बोटीत तिचं पुटपुटणं चालायचं.

“जायचंच असेल तर जा,” एका सकाळी ती म्हणाली, “पण हात सोड आधी.”

शेजारी दांडा धरून उभ्या तरुणाने झटकन हात काढला. “सॉरी… धक्का लागला का?”

“तुला नाही रे. माझ्या हिरोला म्हणाले.”

“बिचारा,” तो म्हणाला. “माझा हात आता परत ठेवू का?”

तो नितेश, त्याच सेटवर आवाज रेकॉर्ड करणारा. त्या दिवसापासून बोटीत हिरोची वाक्यं तोच वाचू लागला.

“भाजीचा भाव विचारतोयस का?” ती टोकायची. “प्रेमात आहेस तू.”

“आहे? तसं लिहिलंय कुठे?”

ती समुद्राकडे बघायची… आणि पुढचं पान उलटायची.

दरम्यान तिने आपली पहिली फिल्म लिहिली. अंधेरीच्या ऑफिसात निर्मात्या रेवतीताईंना वाचून दाखवली. “झकास आहे गं. पण तुझी नायिका शेवटी मनातलं बोलतच नाही. शुक्रवारी संध्याकाळी शेवट ऐकव, नाहीतर फिल्म राहू दे.”

तिने शेवट लिहिले, खोडले. सगळे खोटे वाटले.

शुक्रवारी सकाळी बोट सुटली.

“सुचला शेवट?”

“नाही.”

“वाट लागली.”

लाटेने बोट कलली. दोघांनी एकदमच दांडा धरला, बोटांना बोटं लागली. सवयीने नितेश हात काढू लागला.

“हात सोडू नकोस,” ती म्हणाली.

तो दुसऱ्या हाताने पानं चाळू लागला. “कितवा सीन गं? माझ्याकडे हे पानच नाहीये.”

“सीन नाहीये… मी बोलतेय.”

नितेशने गळ्यातला हेडफोन उगाचच सारखा केला. “मग नीट बोल. आवाज कमी येतोय.”

पलीकडे मढचा किनारा उन्हात चमकत होता. तिला आत्या आठवली, हसू आलं.

“संध्याकाळी रेवतीताईंना ऐकवणारच आहे. पण ही ओळ आधी ज्याची त्याला… मला तू आवडतोस, नितेश.”