तारेवरची चार कार्डं

सासरच्या गावचे भाऊराव आले तेव्हा रविवारचे अकरा वाजले होते. अनुपमा आठ महिन्यांच्या क्षमाला मऊ भात भरवत होती. मुलुंडचे तीन जिने चढून म्हाताऱ्याला धाप लागली होती. त्यांनी पिशवीतून चार पोस्टकार्डं काढली. चारींच्या मधोमध भोक होतं, गंजलेल्या कडांचं.

"परळची आपल्या गावकऱ्यांची खोली विकली," ते म्हणाले. "गिरण्यांच्या संपानंतर राहिलं कोण तिथं? दारामागं पत्रं टोचून ठेवायची तार होती. बत्तीस सालापासून ही तिच्यावरच. आता ज्याची त्याच्या घरी पोचवतोय."

पत्ता होता गुणाजी धाकू यांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नंदकिशोरच्या आजोबांचा. ते गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. भाऊरावांनी तिकडे बघितलं नाही.

"माझे वडील सांगायचे, कार्ड आलं की गुणाजी एकच बोलायचा, 'माझा नाय ता.' की परत तारेवर."

ते गेल्यावर नंदकिशोर एका कार्डाखालचं नाव वाचून हसला. "आजोबा, ही शेवंती कोण? लग्नाआधीचं लफडं वाटतं."

"माझी कोण नाय," आजोबा मान न वळवता म्हणाले.

अनुपमाला औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा वाचायची सवय होती. तिने चारही कार्डं वाचली. अक्षर कुणा मास्तरांचं होतं, बोलणं शेवंतीचं.

'तुमच्या मुलीच्या डाव्या कानामागे पुरळ आले आहे.'

'ताप उतरत नाही. अंगावर पीत नाही. निघून यावे.'

'पापणी लवत नाही. तुमच्या वाटेकडे बघते.'

चौथ्याचा कोपरा फाडलेला होता. 'मूल गेले. हे तरी हातात घ्या.'

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे तिला माहीत होतं. पण तिने इतिहासात बी.ए. केलं होतं, बावन्न वर्षांचा कागद फाडायला हात धजेना. तिने चारही कार्डं कपाटात, क्षमाच्या लशींच्या कार्डाखाली ठेवली.

संध्याकाळी अंघोळ घालताना क्षमाच्या डाव्या कानामागे पुरळ दिसलं.

सोमवारी ताप चढला. क्षमा अंगावर पिईना.

"अगं, साथ आहे, डॉक्टरच म्हणाले ना," नंदकिशोर म्हणाला. "त्या कार्डांचं काय घेऊन बसलीस? तू शिकलेली ना?" मंगळवारी तो मरोळला कामावर गेला.

दुपारी क्षमा रडायची थांबली. डोळे सताड उघडे, गॅलरीच्या दाराकडे लागलेले. अनुपमाने तोंडावर फुंकर घातली. पापणी लवली नाही.

तिने चौथं कार्ड काढलं आणि फाडायला घेतलं. जुना, पिचलेला कागद. तो फाटेना.

ती क्षमाला पाळण्यात ठेवून गॅलरीत गेली.

"आजोबा, हे तुमचं आहे. घ्या."

"माझा नाय ता."

"आजोबा, माझी मुलगी जाईल हो."

म्हाताऱ्याने दोन्ही हात धोतरात लपवले. "नाय म्हटलंय ना."

तिला त्याच्या पाया पडायचं होतं. पण तिने त्याचं मनगट धरून हात ओढून काढला. माहेर पुण्याचं; मालवणी तिला कधी बोलता आली नव्हती. तोंडातून आलं ते असं:

"ह्यां तरी हातात घेवा."

आजोबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"शेवंते," ते म्हणाले.

आणि कार्ड घेतलं.

आत क्षमा रडली, भुकेल्या बाळासारखी, मोठ्यांदा. अनुपमा धावली. कपाळ थंड होतं. क्षमा अधाशासारखी पिऊ लागली.

बऱ्याच वेळाने ती गॅलरीत आली. आजोबांची मान कलली होती. कार्ड मांडीवर होतं. गंजीफ्रॉकवर, छातीच्या मधोमध, गंजाचा गोल डाग होता.

तिने कार्ड उचललं. फाडलं. या वेळी ते सहज फाटलं.

क्षमा पाळण्यात हसत होती, तिच्याकडे नाही, पाळण्याच्या पलीकडे. तिच्या उजव्या मुठीतून जुन्या पिवळ्या कार्डाचा फाडलेला तिकोनी कोपरा बाहेर आला होता.

अनुपमा ती मूठ सोडवायला बसली. चिमुकली बोटं. उघडेनात.