आकसलेले तक्ते

"काल सहा मिलिमीटर जाडीचा तक्ता, आज चार! बाकीचा काय हवेत गेला?" कारखान्याचे व्यवस्थापक चिंचोरेसाहेब साऱ्या कामगारांसमोर ओरडले आणि त्यांनी यामिनीच्या आईला यंत्रावरून बाजूला केलं.

सन २०६१. जळगावच्या त्या कारखान्यात यामिनीची आई, रेवती भंगाळे, अकरा वर्षं फेसाळ प्लॅस्टिकचे तक्ते काढत होती. आईचा डबा घेऊन आलेल्या यामिनीची कानशिलं तापली. ती तडक मापाड्याकडे गेली. मापाड्या म्हणजे तक्त्यांची जाडी मोजणारा यंत्रमानव.

"आईचं चुकलं का रे?"

"नाही."

"मग तिथे गप्प का बसलास?"

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारायची वाट बघत बसतात होय! आता मी विचारतेय. सांग सगळं, पहिल्यापासून."

मापाड्या सांगू लागला. "प्लॅस्टिकचे दाणे तापलेल्या नळकांड्यात पडतात. आतला मळसूत्री दांडा ते मळत, वितळवत पुढे रेटतो. वाटेत दाबाखाली गॅस सोडला, की तो सोड्याच्या बाटलीतल्यासारखा विरघळून राहतो. मग सोऱ्यातून शेव पडावी तसा माल गोल फटीतून बाहेर येतो. हे बहिःसारण (वितळलेला माल साच्यातून रेटून त्याला आकार देणं). बाहेर दाब नसतो, म्हणून गॅसचे लाखो बुडबुडे फुगतात आणि प्लॅस्टिक त्यांच्याभोवती थंड होऊन घट्ट होतं. ती फेसाळ नळी उभी चिरून पसरली, की झाला तक्ता."

"मग तो आकसला कसा?"

"बुडबुड्यांतला गॅस बाहेर झिरपतो, हवा आत शिरते. हे विसरण (दाटीतून विरळ जागी आपोआप पसरणं). गॅस भरभर निघाला आणि हवा रेंगाळली, तर बुडबुडे चेपतात. म्हणून गॅसला अडवणारी मेणचट पूड मालात घालतात. काल साहेबांनी खर्च वाचवायला ती बंद करायला लावली. माझ्याकडे नोंद आहे."

यामिनी मापाड्याला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरली. मापाड्यानं नोंद मोठ्यानं वाचली. साहेबांचा चेहरा उतरला.

"बरं, बरं. आईला सांग, पुन्हा यंत्रावर ये म्हणावं."

"मी नाही सांगणार! ओरडलात सगळ्यांसमोर, आता माफीही सगळ्यांसमोर मागा."

साहेबांना ती मागावी लागली. तरी आईचा चेहरा निवळला नाही. "पूड घालायचीच. आणि ताजे तक्ते खेळत्या हवेत ठेवायचे, हा गॅस पेट घेतो," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात कार्बन डायऑक्साइडची चाचणी मीच घेणार. तो पेटत नाही."

"पण तो याहून भरभर पळतो," मापाड्या म्हणाला.

"मग त्याला कशानं अडवायचं?" यामिनीनं विचारलं.

"इथे अजून कुणी शोधलेलं नाही."

"शोधू की," आई म्हणाली आणि तिनं यंत्र सुरू केलं.